नापोलीची बोली आणि आपले स्नेहसंमेलन



इटलीच्या दक्षिण भागात नापोली नावाचे मोठे बंदर आहे. इंग्रजीच्या वळणाने आपण त्याला नेपल्स म्हणतो. तिथल्या मुख्य रेल्वे स्थानकाचे नाव 'नापोली चेंत्राले', म्हणजे आपल्याकडच्या 'मुंबई सेंट्रल'सारखे. १९७५ साली जेम्स सेनेसे आणि फ्रांको देल प्रेते या दोन वादकांनी एक वाद्यवृंद काढला आणि त्याला हेच नाव दिले. सेनेसे सॅक्सोफोन वाजवायचा आणि गायचा. देल प्रेते ड्रम वाजवायचा आणि शब्द लिहायचा. सोबत विजेवर चालणारा पियानो आणि बास गिटार. संगीत होते अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे, जॅझ आणि फंक यांचे मिश्रण. भाषा मात्र नापोलीच्या गल्लीतली. शाळेत शिकवतात ती इटालियन नव्हे, भाजीवाला, हमाल आणि शेतमजूर बोलतात ती.

आपल्या पत्रिकेत इटलीचा विषय कशाला, असे काहीजण म्हणतील. कारण पुढे येईलच. आधी गोष्ट पूर्ण सांगू द्या, कारण ती ऐकण्यासारखी आहे.

दुसऱ्या महायुद्धात १ ऑक्टोबर १९४३ रोजी दोस्त राष्ट्रांचे सैन्य नापोलीत शिरले. अमेरिकी सैन्यात काळे शिपाई पुष्कळ होते. शहरात उपासमार होती. सैनिक आले, राहिले, निघून गेले, आणि मागे काही मुले राहिली. १९४४ साली अशाच एका काळ्या बाळाच्या जन्मावर 'ताम्मुर्रियाता नेरा' नावाचे गाणे तिथे लिहिले गेले. ते अजूनही गायले जाते, पण बहुधा चेष्टेच्या सुरात. जेम्स सेनेसेचा जन्म ६ जानेवारी १९४५ चा. आई नापोलीची, वडील अमेरिकी काळे शिपाई. मूल लहान असतानाच वडील परत गेले. मिआनो या शहराच्या उत्तरेकडच्या गरीब वस्तीत तो वाढला. ज्या मुलांवर गाणी रचली गेली, त्यांतल्याच एकाने तीस वर्षांनी स्वतः वाद्य हातात घेऊन आपले म्हणणे मांडले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

सेनेसे हा जॉन कोल्ट्रेन या अमेरिकी सॅक्सोफोनवादकाचा भक्त. साठच्या दशकात तो 'शोमेन' नावाच्या वाद्यवृंदात होता. तिथला गायक मारिओ मुसेल्ला हाही अमेरिकी सैनिकाचाच मुलगा. ते दिवस परकी गाणी आपल्या गळ्यातून म्हणण्याचे होते. 'नापोली चेंत्राले'मध्ये त्याने आणि देल प्रेतेने वेगळा रस्ता धरला.

पहिल्या तबकडीतले सर्वांत गाजलेले गाणे 'कांपान्या', म्हणजे शेतशिवार. शिवाराचे कौतुक करणारी गाणी आपल्याकडेही कमी नाहीत. इथे मात्र कौतुकामागे टोमणा आहे. शिवार सुंदर खरे, पण कोणासाठी? जो मालक आहे त्याच्यासाठी. जो उन्हात कुदळ मारतो त्याच्या वाट्याला भाकरीचा तुकडा. दुसऱ्या एका गाण्याच्या शीर्षकाचा अर्थ होतो 'म्हातारे, बायका, मेलेले आणि पोरे'. ही यादी वाचून क्षणभर थांबावे. तिच्यात कमावता पुरुष नाही. इटलीच्या दक्षिणेतले लाखो लोक पन्नास, साठ, सत्तरच्या दशकांत उत्तरेकडच्या तोरिनो आणि मिलानोच्या कारखान्यांत, काही परदेशात गेले. गावात कोण उरले, ते त्या शीर्षकातच आले.

त्याच काळात दक्षिणेतही कारखाने येत होते. नापोलीजवळच्या पोमिल्यानो गावात सरकारी मालकीच्या आल्फा रोमिओ कंपनीचा मोटारींचा कारखाना १९७२ मध्ये सुरू झाला. काल शेतात असलेला माणूस आज यंत्रावर उभा. या गावातल्या कामगारांनीही १९७४ मध्ये 'ए त्सेत्सी' नावाचा आपला गट काढला. ते जुन्या डफावरच्या लोकगीतांच्या चालीत कारखान्याची गाणी म्हणत. म्हणजे एकाच विषयाला दोन वाटा फुटल्या. एकांनी आजोबांचे वाद्य घेतले, दुसऱ्यांनी साता समुद्रापलीकडचे. दोघांचीही बोली तीच राहिली. मला दोन्ही वाटा मान्य आहेत, पण आजच्या लेखाचा विषय दुसरी वाट आहे, कारण आक्षेप तिच्यावरच येतात.

आता थोडे संगीताविषयी. मी संगीताचा जाणकार नाही, आमच्या संगीत शिक्षकांशी बोलून जे समजले ते लिहितो. फंकमध्ये बास आणि ड्रम मिळून एक छोटा ठेका पुन्हा पुन्हा वाजवतात आणि पहिल्या मात्रेवर सर्वांनी एकत्र यायचे असते. आपल्या समेसारखेच म्हणा ना. मधल्या मात्रा मात्र मुद्दाम आडव्या, तुटक. अशा ठेक्यात इटालियन भाषा अवघड जाते, कारण तिचा जवळजवळ प्रत्येक शब्द मोकळ्या, पूर्ण स्वराने संपतो. 'गाणे' या क्रियेला इटालियनमध्ये 'कांतारे' म्हणतात, नापोलीत 'कांता'. शेपटी गेली आणि जोर शेवटच्या अक्षरावर आला. इतर शब्दांचे शेवटचे स्वरही नापोलीचा माणूस जवळजवळ गिळून टाकतो. अशा शब्दाने ओळ संपली की ती ठेक्यावर पाय आपटल्यासारखी संपते. म्हणजे ज्याला शाळेतले मास्तर 'अशुद्ध उच्चार' म्हणत होते, नेमके तेच या संगीताला उपयोगी पडले.

आपल्या भाषेतही हे आहेच. लिहिताना आपण 'केले, गेले, पाहिजे' लिहितो. बोलताना 'केलं, गेलं, पायजे' होते. लय कोणत्या रूपात जास्त आहे, ते तबला शिकणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारा.

इटालियन शाळा आणि बोली यांचा इतिहास आपण शिक्षकांनी जरूर वाचावा. १८६१ मध्ये इटली एक राष्ट्र झाले, तेव्हा प्रमाण इटालियन बोलू शकणारे लोक शेकडा अडीचच असावेत, असा अंदाज भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात मांडला. बाकी सगळे आपापल्या बोलीत जगत होते. शाळेने त्यांना राष्ट्राची भाषा दिली, हे मोठेच काम. पण ते देताना घरची भाषा ही चूक मानून लाल शाईने खोडली गेली. फासिस्ट राजवटीत तर बोलींविरुद्ध मोहीमच होती. १९६७ साली बार्बियाना नावाच्या डोंगरातल्या वाडीत, दोन लोरेन्त्सो मिलानी या पाद्र्याच्या शाळेतल्या मुलांनी मिळून 'एका शिक्षिकेस पत्र' हे पुस्तक लिहिले. शेतकरी आणि मजुरांची मुले नापास का होतात, हा त्यांचा प्रश्न होता. पुस्तकाचे मराठी व हिंदी अनुवाद झालेले आहेत. पुढे १९७५ मध्ये, म्हणजे 'नापोली चेंत्राले' निघाली त्याच वर्षी, 'जिशेल' या भाषाशिक्षणाच्या अभ्यासगटाने दहा सूत्रे प्रसिद्ध केली. दे माउरो त्यांत प्रमुख होते. मूल घरून जी भाषा घेऊन येते तिथून सुरुवात करा, असा त्यांचा आग्रह होता. प्रमाण भाषा शिकवू नका, असे ते म्हणत नव्हते. एकाच वर्षी शिक्षक आणि वादक एकाच प्रश्नाला हात घालतात हा योगायोग असेल, पण त्या देशाची हवा त्यातून कळते.

'नापोली चेंत्राले'चा पुढचा प्रवास थोडक्यात. १९७६ मध्ये त्यांच्यात एक विशीतला मुलगा आला. मुळात गिटारवादक, इथे बास वाजवू लागला. वडील बंदरात कामाला. त्याचे नाव पीनो दानिएले. १९७७ मध्ये त्याची स्वतःची पहिली तबकडी आली, 'तेर्रा मिआ', म्हणजे माझी भूमी. १९८० मध्ये आली 'नेरो आ मेता', अर्धा काळा. ती त्याने मारिओ मुसेल्लाच्या स्मृतीला वाहिली. मुसेल्ला १९७९ मध्ये वारला होता. मधल्या काळात 'नापोली चेंत्राले'ने तीन तबकड्या काढून काम थांबवले होते (पुढे सेनेसेने ती पुन्हा उभी केली) आणि सेनेसे आता या धाकट्या मुलाच्या मागे उभा राहून सॅक्सोफोन वाजवत होता. ज्येष्ठाने असे मागे उभे राहणे सोपे नसते. आपल्या संस्थांमध्ये तर विचारूच नका.

२३ नोव्हेंबर १९८० रोजी त्या प्रदेशात मोठा भूकंप झाला, हजारो माणसे गेली, नापोलीतही घरे पडली. त्यानंतर दहा महिन्यांनी, १९ सप्टेंबर १९८१ रोजी, शहराच्या ग्रामदैवताच्या, सान जेन्नारोच्या सणाच्या दिवशी, प्लेबिशितो चौकात पीनो दानिएलेचा कार्यक्रम झाला. सुमारे दोन लाख लोक जमले असे सांगतात. रंगमंचावर सेनेसे, ड्रमवर तुल्लिओ दे पिस्कोपो, तालवाद्यांवर तोनी एस्पोसितो. सगळे नापोलीचे. दोन लाख लोक आपल्या घरच्या भाषेतला ब्लूज आणि फंक ऐकत होते. पीनो ४ जानेवारी २०१५ रोजी गेला, तेव्हा अंत्यसंस्कारासाठी लोक पुन्हा त्याच चौकात जमले. देल प्रेते २०२० मध्ये गेला. सेनेसेने २०१६ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, 'ओ सांगे' (रक्त) या तबकडीसाठी तेन्को पुरस्कार मिळवला. त्या पुरस्कारात बोलीभाषेतल्या तबकडीसाठी स्वतंत्र विभाग आहे, हे लक्षात घ्या. तो ऑक्टोबर २०२५ मध्ये निवर्तला. ही बातमी वाचूनच मी त्याची गाणी पुन्हा ऐकायला घेतली.

आपल्या माणसांतही अशी उदाहरणे आहेत. मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांनी कोकणी गाण्यात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन आणले. ख्रिस पेरी आणि लोर्ना यांची गाणी आमच्या गोव्याच्या वाचकांना मी काय सांगावी! त्यांच्या जीवनाचा आधार घेतलेल्या 'नाचूंया कुंपासार' या २०१४ च्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. वाद्य परके होते म्हणून कोकणी बाटली नाही.

आता मूळ मुद्दा. यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी नववीच्या सहा मुलामुलींनी स्वतः रचलेले एक गाणे सादर करण्याची परवानगी मागितली आहे. कीबोर्ड, बास गिटार, ड्रम आणि एक ढोलकी. गाणे मिलविषयी आहे. भोंगा, पाळी, साचा, बंद फाटक, आणि दर महिन्याला सभेला जाऊन रिकाम्या हाताने परत येणारे आजोबा. इंदूरच्या वाचकांना हे समजावण्याची गरज नाही. हुकुमचंद मिल १९९१ च्या अखेरीस बंद पडली आणि तिथल्या सुमारे ४८०० कामगारांच्या देण्यांचे २२४ कोटी रुपये मोकळे झाले डिसेंबर २०२३ मध्ये. बत्तीस वर्षे! कितीतरी जण तोपर्यंत गेले होते. या सहा मुलांपैकी दोघांच्या घरातली ही गोष्ट आहे.

भाषा आपली इंदुरी मराठी. 'आजोबा जाऊन राहिले', 'सब्जी आणून राहिली' या वळणाची. मध्ये दोन ओळी सरळ हिंदीत, कारण आजोबा मिलमध्ये हिंदीच बोलत.

यावर तीन प्रकारचे आक्षेप आले. काही ज्येष्ठांचे म्हणणे, स्नेहसंमेलन म्हणजे नाट्यगीत, भावगीत, पोवाडा. आपण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी टिकवली ती अशी खिचडी वाढायला नाही. काही पालकांचे म्हणणे, आम्ही मुलाला शुद्ध मराठी यावी म्हणून या शाळेत घातले, तेच बोलायचे असेल तर मोहल्ल्यात काय वाईट होते. आणि एका पालकांनी, ज्यांच्या स्वतःच्या वडिलांनी मिलमध्ये काम केले, मला एकट्यात सांगितले की त्या दिवसांची आठवण चारचौघांत नको. हा तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो.

पहिल्याचे उत्तर देणे तुलनेने सोपे. नाट्यगीत आज आपल्याला परंपरा वाटते, पण ज्या ऑर्गनवर ते उभे राहिले तो युरोपातूनच आला होता. हार्मोनियमही तशीच. आपल्या शहरातल्या अनंत चतुर्दशीच्या झाँक्या घ्या. मिलच्या कामगारांनी त्या उभ्या केल्या आणि मिल बंद पडल्यावरही त्या निघत राहिल्या. गणेशोत्सव महाराष्ट्राचा, झाँकी माळव्याची, पैसा आणि घाम कामगाराचा. त्या रात्री रस्त्यावर उभे राहताना 'ही खिचडी आहे' असे कोणी म्हणाल्याचे मला आठवत नाही.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. मुलाला प्रमाण मराठी आलीच पाहिजे. मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली आणि लेखी मराठी नोकरी लागल्यावर घोटून घोटून शिकलो, म्हणून तिची किंमत मला चांगली ठाऊक आहे. पण नापोलीच्या मंडळींकडे पाहा. ते आळसाने बोलीत गात नव्हते. त्यांना इटालियन येत होती आणि तरी त्यांनी बोली निवडली. वाद्यांवर त्यांचा हात इतका तयार होता की परदेशी वादक त्यांच्यासोबत वाजवत. म्हणून माझी या मुलांना अट आहे ती भाषेची नाही, तयारीची. ढोलकी आणि ड्रम एकमेकांवर चढत असतील, बास बेसूर असेल, तर गाणे रंगमंचावर जाणार नाही, मग ते कितीही शुद्ध मराठीत असो. याच मुलांनी त्या गाण्याची पार्श्वभूमी सांगणारे दोन पानी निवेदन प्रमाण मराठीत लिहावे आणि त्यांतल्याच एकाने ते वाचावे. एकाच कार्यक्रमात दोन्ही भाषा ऐकू येतील. कुठली कुठे वापरायची, हे मुलांना व्याकरणाच्या तासापेक्षा तिथे चांगले समजेल असे मला वाटते.

एक धोकाही सांगतो. बोली आणि गरिबी यांचे प्रदर्शन मांडणे सोपे असते. मळके कपडे, डोक्याला पंचा, हातात डबा, आणि खाली बसलेल्यांनी 'वा वा' म्हणायचे. नापोलीनेही मँडोलिन आणि समुद्र एवढेच स्वतःचे चित्र पर्यटकांना बरीच वर्षे विकले. सेनेसे आणि देल प्रेते यांना त्याचाच कंटाळा होता, म्हणून त्यांच्या गाण्यात समुद्रकिनाऱ्याऐवजी कुदळ आली. आपल्या मुलांनीही वेशभूषा करू नये, शाळेच्या गणवेशातच गावे, असे मी सुचवले आहे. त्यांना ते फारसे आवडलेले नाही.

तिसऱ्या आक्षेपाविषयी. वडिलांनी मिलमध्ये काम केले, पगार थांबला, घरात काय काय झाले, हे लपवावेसे वाटणे मी समजू शकतो. सेनेसेलाही लहानपणी रंगावरून काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना करता येते. पण त्याने ते गाण्यात आणले तेव्हा ते त्याने स्वतः आणले, दुसऱ्या कोणी त्याच्या वतीने नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. म्हणून ज्या घरांची गोष्ट गाण्यात आहे, त्या दोन्ही घरांतल्या मोठ्या माणसांनी गाणे आधी ऐकावे आणि त्यांची संमती असेल तरच ते सादर व्हावे, असे मी मुलांना सांगितले आहे. एका आजोबांनी ते ऐकले. त्यांनी साच्याच्या आवाजाचा ठेका चुकीचा आहे म्हणून टेबलावर बोटांनी बरोबर ठेका वाजवून दाखवला, आणि ड्रम वाजवणाऱ्या मुलाने तो उतरवून घेतला. दुसऱ्या घरचे उत्तर अजून आलेले नाही. ते नकार आले, तर त्यांच्या घरची दोन कडवी गळतील आणि बाकीचे गाणे राहील.

सांस्कृतिक समितीची बैठक येत्या शनिवारी मधल्या सुट्टीनंतर शिक्षक-कक्षात आहे. मी गाण्याच्या बाजूने मत देणार आहे. ज्या पालकांना विरोध नोंदवायचा असेल त्यांनी यावे, पण आधी तालीम ऐकून यावे. ती रोज शाळा सुटल्यावर संगीताच्या वर्गात असते, आणि आवाज फाटकापर्यंत येतो.